दोनचे टोले

धानोरखेड,
श्रावण वद्य ५, शके १८६१.
दुपारी ३ वाजून ५ मिनिटे.

तीर्थस्वरूप अण्णामामांच्या चरणी बन्सीधरचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या शब्दामुळे मिळालेल्या नोकरीवर रुजू होऊन आज बारा दिवस झाले. काम तुम्हाला ठाऊक आहेच, तरी नीट लिहितो, म्हणजे माझा समज कुठे चुकला असेल तर तुम्ही दुरुस्त कराल.

तहसील कचेरीच्या ओसरीवर पितळी तास टांगलेला आहे आणि आत भिंतीवर घड्याळ. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला टोले द्यायचे. शुक्रवारी घड्याळाला चावी द्यायची. रेल्वे स्टेशनला तारेने खरी वेळ कळते, म्हणून रोज सकाळी तिथले घड्याळ पाहून यायचे आणि आपले जुळवायचे. पाहिलेली वेळ वाटेत शिळी होते, म्हणून मी माझी चाल मोजून ठेवली आहे. स्टेशनपासून कचेरी बरोबर सात मिनिटे.

आता अडचण. माझ्या आधी हे काम करणारे लिंबाजीबुवा दोन दिवस शिकवायला आले होते. जाताना म्हणाले, "समदं घड्याळावर चालू दे. दहाचं तेवढं ध्यानात ठेव. साहेबाचा टांगा पिंपळापाशी वळला, की दहा."

मी विचारले, "आणि घड्याळात दहा आधीच वाजून गेले असले तर?"

"मग घड्याळ पुढं पळायलंय म्हनायचं."

मामा, तहसीलदारसाहेब पावणेअकराच्या आत कधीच येत नाहीत. अकराचे टोले मात्र अकरालाच पडतात, कारण तोवर ते खुर्चीवर बसलेले असतात. म्हणजे या गावात नवाचा तास पावणेदोन तासांचा आणि दहाचा पंधरा मिनिटांचा. अकरा वर्षे असेच चालू आहे आणि कोणालाही खटकत नाही. मला रात्रंदिवस खटकते.

दिवाळीनंतर माझा मुस्तकिल, म्हणजे कायम नेमणुकीचा, हुकूम निघायचा आहे. आईने पालममध्ये घरोघर सांगितले आहे की सरकारचे घड्याळ माझ्या हातात आहे. अशा वेळी मी काय करावे?

आपला,
बन्सीधर

परभणी,
श्रावण वद्य १०.

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. शाळा सहावीत सोडलेल्या मुलाच्या पत्रात एकही खाडाखोड नाही, हे हेडमास्तराच्या भाच्याला शोभते.

तू विचारतोस काय करावे. अरे, यात विचारण्यासारखे काय आहे? नोकरीत वर चढायला शिडी एकच, सचोटी. तिच्या पायऱ्या दोन: आपले काम चोख करणे, आणि चुकले तर चूक आपल्या अंगावर घेणे. माझीच गोष्ट घे. मी तरुणपणी दुय्यम मास्तर होतो. एका दुपारी शाळेचे दार उघडे राहिले. शेळी आत शिरली आणि तिने वर्षाची हजेरी खाल्ली, पुठ्ठ्यासकट. आठवड्यावर तपासणी! दुसऱ्या कोणी म्हटले असते, वाळवी लागली. मी इन्स्पेक्टरसाहेबांना सरळ लिहून दिले, "चूक माझी." ते चकित झाले. म्हणाले, "असा माणूस हेडमास्तर पाहिजे." महिन्याभरात झालो.

ही गोष्ट मी सत्तावीस वर्षे मुलांना सांगत आलो. यंदा पौषात शाळा माझा सत्कार करणार आहे. तेव्हाही तीच सांगणार.

तेव्हा घड्याळात दहा वाजले की दहा. भिऊ नकोस.

तुझा,
मामा

धानोरखेड,
भाद्रपद वद्य ३.
दुपारी १ वाजून २० मिनिटे.

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मी उशाशी ठेवले आहे. त्याप्रमाणे घड्याळात दहा वाजले की दहा देऊ लागलो. पहिल्या दिवशी सगळा बाजार थांबला. पानवाल्याने ओरडून विचारले, "काय रे, साहेबाची बदली झाली का?" साहेब पावणेअकराला आले, तेव्हा ओसरीवरचे पक्षकार टांग्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होते. असे अकरा वर्षांत पहिल्यांदाच घडले.

दुपारी पेशकार किशनरावांनी बोलावले. साहेबांचे सगळे कागद यांच्या हातून जातात. माणूस गोड आहे. म्हणाले, "बाळ, घड्याळ सरकारचं हाय का?"

"होय."

"आन साहेब कुनाचा?"

"सरकारचाच."

"मग सरकारच्या दोन चीजांत भांडन लावायलास व्हय तू?"

मी म्हणालो, "वेळ खोटी कशी सांगू?" त्यांनी बराच विचार केला. ते म्हणाले, "खोटी सांगू नको. हळू सांग."

तेव्हापासून दहाचे टोले मी लाकडी मोगरीला चिंधी गुंडाळून देतो. टोले दहाच असतात आणि दहालाच पडतात. फक्त ते ओसरीखाली जात नाहीत. टोले किती मोठे असावेत, याबद्दल नियमात काही नाही. मी दोनदा पाहिले. तरी पण मामा, यात सचोटीला कुठे धक्का लागतो का? मला वाटते, खरा जबाबदार माणूस तोच, जो पहारेकऱ्यासारखा आपल्या कामावर डोळा ठेवून असतो, क्षणभरही दुसऱ्या कशात गुंतत नाही, आणि ज्याचे मन

(पुढे, दुसरे दिवशी.)

काल पत्र एकदम थांबवावे लागले. कारण विशेष नाही. प्रकृती ठीक आहे.

आपला,
बन्सीधर

धानोरखेड,
भाद्रपद वद्य ७.

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्राचे उत्तर यायच्या आत हे लिहीत आहे, क्षमा असावी. इथे माझा एक मित्र आहे. त्याच्यासाठी विचारायचे आहे.

या मित्राकडून कामात बारा मिनिटांची कसूर झाली. कोणाच्या लक्षात आली नाही. पण त्यामुळे कडूबाई नावाच्या एका विधवा म्हातारीचे नुकसान झाले. तिचे चार एकर रान दिराने आपल्या नावावर लावून घेतले आहे. त्याची सुनावणी त्या दिवशी दोन वाजता होती. एरवी साहेब दोनची सुनावणी तीनला घेतात. त्या दिवशी त्यांना दोन चाळीसच्या गाडीने परभणीला जायचे होते, आणि गाडी काही साहेबांसाठी थांबत नाही. म्हणून त्यांनी खिशातले घड्याळ काढले आणि बरोबर दोनला पुकारा करवला. एकदा, दोनदा, तीनदा. कडूबाई पलीकडच्या विहिरीपाशी भाकरी खाऊन टोल्यांची वाट पाहत बसली होती. ती आली तोवर दावा गैरहजेरीत खारीज झाला होता.

ती म्हणाली, "टोले तर आत्ता पडले की वो!" किशनराव म्हणाले, "दोनलाच पडले. तुला ऐकू येत न्हाई." सगळे हसले. आता तिलाही तसेच वाटायला लागले आहे. काल बाजारात ती एकीला सांगत होती, "माज्या कानानंच माजं रान खाल्लं गं."

एका महिन्याच्या आत सबळ कारण दाखवले तर दावा पुन्हा उघडता येतो. कारण माझ्या मित्राजवळ आहे. पण त्याची नोकरी अजून कायम नाही. त्याने काय करावे?

आपला,
बन्सीधर

परभणी,
भाद्रपद वद्य ११.

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

तुझा मित्र कोण आहे मला माहीत नाही, पण तो अजून विचारच करत बसला असेल तर त्याची मला कीव येते. एक गरीब बाई स्वतःला बहिरी समजू लागली आहे, आणि हा नोकरीचा हिशेब मांडतो! त्याला म्हणावे, आजच लिहून दे. वरिष्ठ खऱ्या माणसाची कदर करतात, हे माझ्या उदाहरणावरून त्याला सांग. शेळीची गोष्ट सांग.

बिचाऱ्याला लिहिता येत नसेल म्हणून मसुदा देतो. कचेरीचे कागद उर्दूत चालतात, म्हणून खाली उर्दू तर्जुमाही दिला आहे.

"अमुक दिवशी माझ्या हातून ______ ही कसूर झाली. ती माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. तिच्यामुळे ______ यांचे नुकसान झाले, ते भरून निघावे. जी शिक्षा होईल ती मला मान्य आहे."

रिकाम्या जागा त्याने भराव्यात. सही ठळक करावी.

सत्काराचे भाषण लिहायला घेतले आहे. तुझ्या मित्राचा दाखला त्यात घालीन म्हणतो. निकाल काय लागला ते कळव.

तुझा,
मामा

परभणी,
भाद्रपद वद्य १२. अत्यंत निकडीचे.

बन्सीधर,

काल पत्र पेटीत टाकून घरी आलो, आणि जेवताना घास हातात राहिला. बारा मिनिटे. दोनचे टोले. अरे गाढवा, टोले देणारा धानोरखेडात एकच आहे!

काहीही लिहून देऊ नकोस. मसुदा फाड. मी जे लिहिले ते मित्रासाठी होते. तुझी गोष्ट वेगळी. तू अजून कायम नाहीस, तुझ्यासाठी मी पेशकाराच्या दारात तीन वेळा गेलो आहे, आणि माझ्या बहिणीला तुझ्याशिवाय कोण आहे? म्हातारीला म्हणावे दुसरा अर्ज कर. पायात काटा मोडला होता, ताप आला होता, कारणे पुष्कळ असतात. सचोटी ही मोठी गोष्ट आहे, पण तिलाही वेळ असते. आधी कायम हो, मग सचोटीने वाग.

उलट टपाली उत्तर दे.

मामा

धानोरखेड,
आश्विन शुद्ध २.
दुपारी ४ वाजून १० मिनिटे (स्टेशनच्या घड्याळात पाहून).

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुमची दोन पत्रे आली, पण एका दिवसाच्या अंतराने. पहिले सोमवारी सकाळी आले. मी ते तीनदा वाचले, मसुदा स्वच्छ उतरवून काढला आणि बारा वाजता, टोले देऊन झाल्यावर, साहेबांच्या मेजावर ठेवला. दुसरे मंगळवारी आले. म्हणून ते मला पाळता आले नाही, क्षमा असावी.

आता लपवण्यासारखे काही उरले नाही. त्या दिवशी मी ओसरीच्या मागच्या बाजूला तुम्हालाच पत्र लिहीत होतो. जबाबदार माणूस क्षणभरही दुसऱ्या कशात गुंतत नाही, हे वाक्य मनासारखे जमेना. तीन वेळा पाटीवर लिहून पुसले. मान वर केली तेव्हा दोन वाजून बारा मिनिटे झाली होती. मी धावत जाऊन दोन टोले दिले. पुढच्याच क्षणी फाटकातून कडूबाई आत येताना दिसली. ती घाईत नव्हती. वेळेवर आल्यासारखी चालत होती.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "लिख को कायकू दिये मियाँ? मुँह से बोलते तो हम भूल जाते. कागद कैसा भूलता?" त्यांना खरेच वाईट वाटले होते. मलाही त्यांचे वाईट वाटले. कारण कागद आल्यावर हुकूम काढणे त्यांना भाग होते.

हुकूम दोन निघाले. एक, टोले उशिरा पडल्याचे सिद्ध झाल्यामुळे कडूबाईचा दावा पुन्हा दाखल. दोन, कसुरीबद्दल बन्सीधर यास कामावरून कमी केले. किशनरावांनी मला दुसरा वाचून दाखवला. त्यात असेही लिहिले आहे की, या कचेरीच्या दफ्तरी वेळेबाबत अकरा वर्षांत ही एकच कसूर नमूद आहे.

ते खरेच आहे, मामा. मी दफ्तर पाहिले आहे. दुसरे कोणी कधी लिहूनच दिले नव्हते.

कडूबाई फाटकापाशी थांबली होती. मला वाटले शिव्या देईल. ती म्हणाली, "म्हंजी माजे कान शाबूत हायेत?"

"होय, आजी."

"मग बसं. रानाचं काय हुईल ते हुईल. लेकरा, मला घरात बी कोनी बोलंना झालतं, ऐकू येत न्हाई म्हनून."

तुम्ही लिहिले होते की निकाल कळव, म्हणून कळवले. वरिष्ठ खऱ्या माणसाची कदर कधी करतात, किती दिवसांनी, तेवढे लिहावे. तुमच्या वेळी महिना लागला होता. आईला मी अजून काही सांगितलेले नाही.

आपला,
बन्सीधर

परभणी,
कार्तिक शुद्ध ४.

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

महिन्याहून अधिक काळ उत्तर लिहिले नाही. चार पत्रे लिहून फाडली. सत्काराचे भाषणही तेव्हापासून तसेच पडून आहे. शेळीपर्यंत येतो आणि पुढे जाववत नाही.

तू विचारलेस, कदर किती दिवसांनी होते. तुझ्या त्या प्रश्नात टोमणा नाही, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच झोप येत नाही.

शेळी खरी. हजेरी खाल्ली हेही खरे. शाळेची किल्ली माझ्याकडे होती आणि दार मीच उघडे टाकले होते. पण "चूक माझी" असे मी लिहून दिले नाही. ते लिहिले आमचे तेव्हाचे हेडमास्तर चंद्रभान यांनी. मी त्यांच्यासमोर उभा होतो. ते म्हणाले, "शाळा माझ्या हवाली आहे, तेव्हा चूक माझी." मी म्हणालो, "होय सर." इन्स्पेक्टर चकित झाले, हेही खरे. त्यांनी चंद्रभानला काढले, आणि दुय्यम मास्तर शिस्तीचा दिसतो म्हणून जागा मला दिली.

पहिली काही वर्षे मी गोष्ट बरोबर सांगत असे, फक्त किल्लीचे वगळून. मग मुलांना समजायला सोपे जावे म्हणून दोन माणसांचा एक माणूस केला. पुढे पुढे मलाच ते खरे वाटू लागले.

चंद्रभान पूर्णेला असतो. मुलाच्या किराणा दुकानात पुड्या बांधतो. माझी गाडी पूर्णेला थांबली की मी खिडकी लावून घेतो.

हे पत्र वाचून फाडून टाक. तुझ्यासाठी दुसरीकडे शब्द टाकतो आहे. आईला एवढ्यात काही बोलू नकोस.

तुझा,
मामा

धानोरखेड,
मार्गशीर्ष शुद्ध ६.
सकाळी ११ वाजून ३० मिनिटे.

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

शब्द टाकू नये. मला काम लागले आहे. आईलाही मी खरे काय ते कळवले. तिने पालममध्ये सांगितले आहे की आता माझ्या हातात सरकारच्या घड्याळापेक्षा मोठी चीज आहे. मोठी म्हणजे आवाजाने.

इथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात भोंगा वाजवण्याचे काम आहे. शेठजींनी स्वतः बोलावले. म्हणाले, "स्वतःचा बारा मिनिटांचा उशीर लिहून देणारा तूच ना? असाच माणूस भोंग्यावर पाहिजे. मजूर तुझ्या वेळेवर शंका घेणार नाहीत." मामा, माझे डोळे भरून आले. मला वाटले, कदर झाली. फक्त महिन्याऐवजी दीड महिना लागला.

मग शेठजी म्हणाले, "आता ऐक. सकाळचा भोंगा दहा मिनिटं आधी आणि संध्याकाळचा दहा मिनिटं नंतर."

मी म्हणालो, "हे कागदावर द्यावे."

त्यांनी कागद मागवला. दौत मागवली. मग चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "सध्या स्टेशनच्या वेळेनं चालू दे, मग बघू." त्याला आज एकवीस दिवस झाले. कागद कोरा आहे, आणि भोंगा स्टेशनच्या वेळेने चालू आहे.

कचेरीत लिंबाजीबुवा परत आले आहेत. दहा पुन्हा टांग्यावर वाजतात. पण गाव आता भोंग्याने चालते. साहेबांना गाडी गाठायची असली की शिपाई इथे वेळ विचारायला येतो. कडूबाईच्या दाव्याचा निकाल अजून नाही. तारीख असली की ती सकाळीच येऊन ओसरीवर बसते. टोल्यांवर तिचा भरवसा नाही, आणि तो माझ्यामुळे गेला आहे, हे मी विसरत नाही.

तुमचे पत्र मी फाडले नाही. कोणाला दाखवणारही नाही. ते माझे काम नाही. पण तुम्ही लिहिता की भाषण शेळीपर्यंत येते आणि अडते. माझेही पाटीवरचे वाक्य असेच अडले होते.

म्हणून सोबत एक कागद जोडत आहे. मसुदा तुमचाच आहे, माझा एकही शब्द नाही. फक्त रिकाम्या जागा भरल्या आहेत: पहिल्या जागी किल्ली आणि दार, दुसऱ्या जागी चंद्रभान मास्तरांचे नाव. तो शाळेच्या सत्कार समितीच्या नावे आहे. दोनदा तपासला आहे, चूक नाही. सहीची जागा सोडली आहे. सही ठळक करावी.

सत्कार पौषात आहे, तेव्हा वेळ पुरेसा आहे. तरी उशीर नको म्हणून हे पत्र आताच स्टेशनवर नेऊन गाडीच्या टपालात टाकतो. बाराच्या भोंग्याआधी परत यायला हवे. कारखान्यापासूनही स्टेशन तेवढेच: जायला सात मिनिटे, यायला सात.

आपला,
बन्सीधर